कीर्द, खतावणी आणि कोड

गेल्या वर्षी जून महिन्यात माझ्या थोरल्या बंधूंची नात जनसंवाद आणि पत्रकारितेच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षात गेली. नव्या वर्षाच्या विषयांची यादी घेऊन तिचे वडील, म्हणजे माझा पुतण्या, माझ्याकडे आला. सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या घराण्याची बेदाण्याची अडत आहे. तो ती सांभाळतो. यादीतील एका ओळीवर बोट ठेवून तो म्हणाला, "काका, हे बघा. 'प्राथमिक प्रोग्रॅमिंग आणि माहिती-विश्लेषण'. पोरगी बातम्या लिहायला शिकायला गेली आहे ना? मग हे कॉम्प्युटरचं गणित कशाला? हेच करायचं होतं तर बी.कॉम. काय वाईट होतं? निदान दुकानात तरी उपयोगी पडली असती."

प्रश्न बापाचा होता आणि व्यापाऱ्याचाही होता. शुल्क तो भरत होता. पदरात पडणाऱ्या मालाची प्रत विचारण्याचा त्याला अधिकार होता. त्या दिवशी मी त्याचे समाधान करू शकलो नाही.

महिनाभराने नातीनेच निरोप आणला. हा विषय शिकविणाऱ्या तरुण प्राध्यापिका संगणकशास्त्राच्या. त्यांचे म्हणणे असे की, मुलांना कोड शिकविता येते. पण समोर आकडा आला की मुले गप्प होतात. आकड्यांत ज्याचे आयुष्य गेले आहे असे कोणी दर शनिवारी दोन तास येईल काय? मी बँकेत ३६ वर्षे काढलेली. होकार दिला. पुढील चार महिने मी त्या वर्गात निम्मा वेळ शिकविणारा आणि निम्मा वेळ विद्यार्थी होतो. पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे मिळाले. आपल्या अनेक घरांतून आज हाच प्रश्न विचारला जात असेल, म्हणून ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

बातमीदाराला मोजणी कशाला हवी?

या विद्येची सुरुवात संगणकाच्या वेडातून झालेली नाही, एका दंगलीतून झाली आहे. जुलै १९६७ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात मोठी दंगल उसळली. कृष्णवर्णीय वस्तीतील माणसे रस्त्यावर का आली, याविषयी प्रत्येकाचे मत तयार होते. कोणी म्हणे, हे अशिक्षित, समाजाच्या तळाशी राहिलेले लोक. कोणी म्हणे, हे दक्षिणेकडून आलेले, शहरात न रुजलेले लोक. फिलिप मेयर या पत्रकाराने समाजशास्त्रज्ञांच्या साहाय्याने त्या वस्तीतील चारशेहून अधिक रहिवाशांच्या शास्त्रशुद्ध मुलाखती घडवून आणल्या आणि उत्तरांची छाननी संगणकावर केली. दोन्ही समज खोटे ठरले. महाविद्यालयात शिकलेली माणसेही शाळा सोडलेल्यांइतकीच दंगलीत होती. आणि दक्षिणेत वाढलेल्यांपेक्षा उत्तरेत वाढलेल्यांचा सहभाग अधिक होता. 'डेट्रॉइट फ्री प्रेस' या वृत्तपत्राला दंगलीच्या वार्तांकनासाठी १९६८ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. पुढे १९७३ मध्ये मेयर यांनी या पद्धतीवर पुस्तक लिहिले आणि ते पत्रकारांच्या पुढच्या पिढ्यांचे पाठ्यपुस्तक झाले.

वर्गात ही हकीकत सांगितल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, मोजलं नसतं तर?" मी म्हणालो, "तर ज्याचा आवाज मोठा, त्याचा अंदाज बातमी म्हणून छापून आला असता."

पहिला शनिवार : संगणक बंद

पहिल्या दिवशी प्राध्यापिकांच्या संमतीने मी सर्वांना संगणक बंद ठेवायला सांगितले. प्रत्येकाला एक कागद दिला. त्यावर बेदाण्याच्या एका कल्पित दिवसाचे अकरा सौदे, किलोमागे रुपयांत : १२०, १२५, १३०, १३०, १३५, १४०, १४०, १४५, १५०, १५५ आणि ३९०. शेवटचा सौदा मुहूर्ताचा. "उद्याच्या अंकासाठी मथळा लिहा," असे सांगितले. ३१ पैकी २० मुलांनी लिहिले, 'बेदाण्याला ३९० रुपयांचा विक्रमी दर'. काहींनी सरासरी काढली आणि लिहिले, 'बेदाणा १६० रुपयांवर'.

गणित दोघांचेही बरोबर होते. परंतु त्या दिवशी अकरांपैकी दहा शेतकऱ्यांना १६० रुपयेसुद्धा मिळाले नव्हते. सौदे चढत्या क्रमाने मांडून मधोमध जो येतो, तो सहावा सौदा १४० रुपयांचा. यालाच मध्यक म्हणतात. त्या दिवशीच्या बाजाराचे खरे चित्र तो दाखवितो. आपल्या बाजार समित्या रोज किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर प्रसिद्ध करतात, त्यामागे हेच शहाणपण आहे. व्यापाऱ्याच्या मुलाला हे कोणी शिकवावे लागत नाही. परंतु बातमी वाचून तीनशे रुपयांच्या आशेने गाडी भरून निघालेला शेतकरी यार्डात आला की, त्याची निराशा अडत्यालाच झेलावी लागते. मथळ्यातील एका आकड्याची किंमत अशी दुसऱ्याच कोणाला चुकवावी लागते.

कोड म्हणजे कीर्द

दुसऱ्या शनिवारपासून संगणक सुरू झाले. अकरा सौदे कागदावर मांडता येतात; वर्षभराचे हजारो सौदे येत नाहीत. त्यासाठी 'पायथन' ही संगणकीय भाषा निवडली होती. नेदरलँड्सच्या गीडो व्हान रॉसम यांनी ती १९९१ मध्ये प्रथम जाहीर केली. नावाचा अजगराशी काही संबंध नाही. एका ब्रिटिश विनोदी नटसंचावरून ते घेतलेले आहे. तक्त्यांचे काम करण्यासाठी या भाषेला 'पांडाज' नावाचा एक जोडसंच मिळालेला आहे. त्याचे काम वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये एका गुंतवणूक संस्थेत असताना सुरू केले. म्हणजे हे हत्यारही पैशाच्या हिशेबासाठीच घडले. ही दोन्ही साधने विनामूल्य आहेत आणि साध्या संगणकावर ब्राउझरमध्येही चालतात.

प्राध्यापिकांनी पडद्यावर चार ओळी लिहिल्या. पहिली ओळ सांगते, ही फाइल उघड. दुसरी सांगते, रिकाम्या नोंदी बाजूला काढ. तिसरी सांगते, प्रतवारीनुसार गट कर. चौथी सांगते, प्रत्येक गटाचा मध्यक दाखव. मी ते पाहत होतो आणि मला माझ्या वडिलांची कीर्द आठवली. प्रत्येक व्यवहार ज्या क्रमाने झाला त्या क्रमाने कीर्दीत, मग खात्यावार खतावणीत, आणि शेवटी ताळेबंदात. ताळेबंदातील कोणत्याही आकड्यावर बोट ठेवा. मागे मागे जात मूळ नोंदीपर्यंत पोहोचता येते. कोडचे बळ नेमके हेच आहे. वेगाने बेरीज तर कॅल्क्युलेटरही करतो. आकडा कोणत्या वाटेने आला, ती वाट येथे लिहून ठेवलेली असते आणि दुसरा कोणीही ती पुन्हा चालून पाहू शकतो.

ही वाट झाकलेली राहिली तर काय होते, याचे उदाहरण जगप्रसिद्ध आहे. हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१० मध्ये एक निबंध लिहिला. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलेल्या देशांची सरासरी वाढ शून्याच्याही किंचित खाली, उणे ०.१ टक्का असते, असा त्यातील एक निष्कर्ष होता. अनेक देशांत खर्चकपातीच्या समर्थनार्थ तो सांगितला गेला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात थॉमस हर्न्डन हा विद्यार्थी वर्गातील गृहपाठ म्हणून तोच आकडा पुन्हा काढू लागला. तो काही केल्या जुळेना. अखेर त्याने लेखकांकडूनच मूळ एक्सेल तक्ता मिळविला. तेव्हा दिसले की सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी घ्यायच्याच राहून गेल्या होत्या. सूत्रातील ही चूक आणि पद्धतीतील अन्य आक्षेप विचारात घेऊन हर्न्डन व त्याच्या प्राध्यापकांनी २०१३ मध्ये नवा आकडा मांडला : अधिक २.२ टक्के. एक्सेलमधील चूक लेखकांनी मान्य केली. मुख्य निष्कर्षावर मात्र ते ठाम राहिले. वाद बाजूला ठेवू. माझ्यासारख्या बँकवाल्याला यात दिसते ते एवढेच की, तपासणी करायला एक विद्यार्थी पुरला, पण त्याला वही पाहायला मिळावी लागली.

आकड्यांतील काडीकचरा

वर्गाचा सर्वांत अधिक वेळ विश्लेषणात गेला नाही, तो निवडण्या-टिपण्यात गेला. गृहिणींना हे सांगायला नको. शिजायला लागतो त्याहून निवडायला अधिक वेळ लागतो.

एका मुलीच्या तक्त्यात महाराष्ट्राचे जिल्हे ३६ च्या वर गेले. पाहतो तर 'उस्मानाबाद' आणि 'धाराशिव', 'अहमदनगर', 'नगर' आणि 'अहिल्यानगर', अशी एकाच जिल्ह्याची निरनिराळी खाती उघडली गेली होती. आपण वाचताना मनातल्या मनात जुळवून घेतो. संगणक घेत नाही. एका मुलाच्या फाइलमध्ये मराठी अक्षरांऐवजी अगम्य चिन्हे उमटली, कारण ती जुन्या फाँटमध्ये टंकलिखित केलेली होती आणि युनिकोडमध्ये आणणे बाकी होते. आणखी एकाने बाजार बंद असलेल्या दिवशी दराच्या रकान्यात शून्य भरले होते. शून्य म्हणजे माल फुकट गेला; रिकामी जागा म्हणजे सौदाच झाला नाही. दोहोंतील फरक न कळल्याने त्याची महिन्याची सरासरी गडगडली होती.

सुरुवातीला पडद्यावर लाल अक्षरांत चूक दिसली की मुले दचकत. शाळेतील लाल शाई त्यांच्या मनातून गेलेली नसते. मी सांगितले, "सही नसलेले व्हाउचर कॅशियर परत करतो, तेव्हा तो तुमचा अपमान करीत नाही. हा संगणक तसाच कॅशियर आहे. शेवटची ओळ आधी वाचा. हरकत काय आहे ती तेथे लिहिलेली असते." त्यांना मी आमची एक जुनी खूणही सांगितली. दोन बाजूंच्या बेरजांत फरक पडला आणि त्या फरकाला ९ ने भाग गेला, तर बहुधा कोठे तरी अंक उलटे पडलेले असतात. ४५० चे ५४० झाले की फरक ९०. आम्ही रात्री नऊ वाजता शाखेत बसून अशा चुका शोधीत असू. मुलांनी ते पडताळणारे कोड दहा मिनिटांत लिहिले आणि माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले.

एक जुनी चूक

ऑक्टोबरमधील एका शनिवारी मी फळ्यावर एक उदाहरण मांडले. समजा, मागील आठवड्यात हिरवा बेदाणा ८० पेट्या, दर २०० रुपये. काळा बेदाणा २० पेट्या, दर ८० रुपये. या आठवड्यात हिरवा ४० पेट्या, दर २१०. काळा ६० पेट्या, दर ९०. पेट्यांचे वजन सारखेच. दोन्ही प्रतींचा दर १० रुपयांनी वाढला. आता सरसकट सरासरी काढा. मागील आठवडा १७६ रुपये, हा आठवडा १३८ रुपये. प्रत्येक प्रत महागली आणि 'बेदाणा ३८ रुपयांनी घसरला'! दर कोठेच घसरलेला नाही. फक्त कमी दराचा माल अधिक आला. प्रतवारीनुसार गट करणारी ती एक ओळ कोडमध्ये नसेल, तर धादांत उलटी बातमी छापली जाईल.

मुले हसली. मी हसू शकलो नाही. खडू हातात असतानाच मला सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीचा एक अहवाल आठवला. तेव्हा मी विभागीय कार्यालयात शाखांच्या कर्जवसुलीचे तुलनात्मक तक्ते करीत असे. एका ग्रामीण शाखेची एकूण वसुली वर्षभरात स्पष्टपणे खाली आल्याचे मी लिहिले. शाखाधिकाऱ्यांनी लेखी उत्तर दिले होते की, पीककर्ज असो वा व्यापारी कर्ज, प्रत्येक प्रकारात वसुली सुधारलेली आहे. वरिष्ठांच्या सूचनेनुसारच या वर्षी पीककर्जे अधिक वाटली, आणि त्यांची वसुली मुळातच कमी असते. मी ते उत्तर वाचले, सबब समजलो आणि एकूण टक्केवारीच वर पाठविली. त्यांच्या सेवापुस्तिकेत शेरा पडला आणि त्या वर्षीची बढती हुकली. माझ्या बेरजेत एका पैशाची चूक नव्हती. एम.कॉम.ला मी संख्याशास्त्र शिकलो होतो. तरीही गट पाडून पाहण्याचे मला सुचले नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांचा दूरध्वनी क्रमांक मिळविला. ते आता ऐंशीच्या घरात आहेत. मी सर्व सांगितले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी तेव्हा हेच लिहिलं होतं, साहेब." माझ्यापाशी क्षमा मागण्याखेरीज दुसरे काही नव्हते.

पुढील शनिवारी मी हे वर्गाला सांगितले. उद्या ही मुले कोणा शाळेच्या निकालावर, रुग्णालयाच्या मृत्युदरावर, गावाच्या करवसुलीवर लिहितील. प्रत्येक टक्केवारीच्या मागे एखादा शाखाधिकारी बसलेला असतो, हे त्यांना ठाऊक असावे असे वाटले.

मुनीम आणि शेठ

एका चलाख मुलाने विचारले, "सर, आता एआयला सांगितलं की कोड तोच लिहून देतो. मग आम्ही का शिकायचं?" मी म्हणालो, "आमच्या पेढीवर पूर्वी मुनीम असत. हिशेब तेच लिहीत. पण ज्या शेठला वही वाचता येत नसे, त्याची पेढी मुनिमाच्या मर्जीवर चाले." मुनीम ठेवायला हरकत नाही, वही वाचता यायला हवी. जनसंवादाच्या विद्यार्थ्याला अभियंता व्हायचे नाही. चार ओळींचा कोड वाचून 'यात प्रतवारी कोठे आहे?' असा प्रश्न त्याला पडला, तरी हा विषय शिकविल्याचे सार्थक झाले.

वाचता आल्यावर शब्दांतही नेमकेपणा येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ६.२५ टक्क्यांवर आणला. बोलताना आपण त्याला पाव टक्क्याची कपात म्हणतो. मूळ दराच्या तुलनेत मोजले, तर तीच घट जवळपास ३.८५ टक्के भरते. कोणती मोजणी केली हे न सांगता आकडा दिला, की वाचकाची फसगत होते.

पुतण्याची हरकत

सत्राच्या अखेरीस नातीच्या गटाने प्रकल्प केला : बेदाण्याच्या वर्षभराच्या दरांचा. निष्कर्ष होता की उत्पादकांना वर्ष चांगले गेले. सादरीकरणाच्या आदल्या रात्री ती घरी संगणकावर काम करीत होती. दुकान बंद करून आलेला पुतण्या मागे उभा राहिला आणि विचारता झाला, "ही वर्षाची सरासरी कशी काढलीस?" ती म्हणाली, "बाबा, रोजच्या सर्वसाधारण दरांची बेरीज भागिले दिवस."

"म्हणजे ज्या दिवशी पन्नास पेट्या आल्या तो दिवस आणि ज्या दिवशी पाच हजार आल्या तो दिवस, दोन्ही सारखेच धरलेस? अगं, आवक वाढली की दर पडतो. बहुतेक माल त्या पडलेल्या दरानंच विकला जातो."

पुतण्याचे शिक्षण बारावीपर्यंत झाले आहे. भारित सरासरी हा शब्द त्याने ऐकलेला नाही. नातीने माझ्याकडे पाहिले. मी मान हलविली. माझ्याही नजरेतून ते निसटले होते. तिने कोडमधील एक ओळ बदलली, दराला आवकेने गुणले, एकूण आवकेने भागले. बाकी काहीही पुन्हा करावे लागले नाही. वर्षाचा दर किलोमागे अकरा रुपयांनी खाली आला आणि 'चांगले वर्ष' हे शब्द खोडावे लागले.

पुतण्या खुर्ची ओढून शेजारी बसला. "ती ओळ परत दाखव," म्हणाला. अर्ध्या तासाने मी झोपायला गेलो, तेव्हा तो तिला मुहूर्ताचे सौदे वेगळे का काढावेत हे सांगत होता आणि ती लिहून घेत होती.

वाचकहो, आपली मुले दुकान सोडून दुसऱ्या वाटेला गेली असे आपल्याला वाटते. ही विद्या शिकणाऱ्या मुलांना खऱ्या आकड्यांची भूक असते, आणि त्या आकड्यांमागचा व्यवहार आपल्याला ठाऊक असतो. जुन्या वह्यांतील दर, आवक, हंगाम त्यांच्यापुढे ठेवा. मात्र उधारीची नावे आणि दूरध्वनी क्रमांक आधी काढून टाका, कारण तो दुसऱ्याचा विश्वास आहे. मग त्यांनी काढलेल्या आकड्यावर बोट ठेवून विचारा, "हा कुठून आला?" उत्तर देता आले, तर शुल्क वाया गेले नाही असे समजावे.